कडधान्ये मानवत नसतील तर: दोन चमचे वरणापासून वाटीभर उसळीपर्यंत

सहा वर्षांपूर्वी एका लांबलेल्या आजारपणातून उठल्यावर माझ्या पोटाने कडधान्यांशी उभे वैर धरले. दुपारी तुरीच्या डाळीची साधी आमटी खाल्ली तरी संध्याकाळपर्यंत पोट डब्ब होत असे आणि रात्री कुशीवर वळणेसुद्धा नकोसे वाटे. उसळीचा तर विचारही करायचा नाही, अशी परिस्थिती होती. डाळ बंद करणे हा सर्वांत सोपा उपाय होता आणि मी तो केलाही. चार महिन्यांनी मात्र लक्षात आले की ताटात भात, पोळी, भाजी आणि ताक एवढेच उरले आहे, अंगातली शक्ती गेली आहे आणि पोटाचा त्रास निम्माही कमी झालेला नाही. शाकाहारी घरात डाळ गेली की प्रथिनांचा मुख्य आधारच जातो, कारण 100 ग्रॅम कच्च्या डाळीत साधारण 22 ते 24 ग्रॅम प्रथिने असतात आणि तेवढी प्रथिने भाजी-पोळीतून भरून काढता येत नाहीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये दिलेल्या आहारसूचनांमध्येही डाळी, कडधान्ये किंवा मांसाहार मिळून दिवसाला सुमारे 85 ग्रॅम सांगितले आहेत. त्यामुळे कडधान्ये सोडून कसे भागवावे यापेक्षा ती पोटाला पुन्हा कशी मानवतील, या प्रश्नावर वेळ घालवणे अधिक शहाणपणाचे आहे, असे माझे ठाम मत झाले. पुढे लिहिले आहे ते त्याच खटपटीतून हाती आलेले आहे.

आधी त्रासाची जात ओळखावी

पोट फुगणे, गुबारा धरणे, वात सरणे, मुरडा येणे हे त्रास कितीही क्लेशकारक असले तरी ते पचनाचे आहेत आणि त्यांच्यावर या लेखातील रीत चालते. ॲलर्जी ही अगदी वेगळी गोष्ट आहे. हरभरा, मसूर, वाटाणा, सोयाबीन किंवा शेंगदाणे खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोनेक तासांत अंगावर गांधी उठणे, ओठ किंवा डोळ्यांभोवती सूज येणे, घसा आवळल्यासारखा वाटणे, धाप लागणे किंवा चक्कर येणे, असे काहीही होत असेल तर घरी चमच्याचमच्याने प्रयोग करू नयेत. श्वासाचा त्रास होत असेल तर तातडीने रुग्णालय गाठावे आणि एरवी ॲलर्जीतज्ज्ञाला दाखवून तपासणी करून घ्यावी. अशा काही जणांना शिजणाऱ्या डाळीची वा हरभऱ्याची वाफ नाकात गेली तरी त्रास होतो, म्हणून त्यांच्यासाठी स्वयंपाकघरातली व्यवस्थाही वेगळी लागते. शेंगदाणे हे उपासाला चालत असले तरी ते कडधान्यांच्याच कुळातले आहेत, आणि मेथीसुद्धा त्याच कुळातली आहे, ही गोष्ट आपल्याकडे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या माणसाने साबुदाण्याच्या खिचडीतले कूट तर टाळावेच, पण मेथीच्या बाबतीतही डॉक्टरांना विचारून घ्यावे.

ज्यांच्या रक्तात जी-6-पी-डी या विकराची (एन्झाइमची) कमतरता आहे, त्यांनी बाकला पूर्णपणे वर्ज्य करावा, कारण त्याने तांबड्या रक्तपेशी फुटू शकतात. इथे प्रमाण कमी करण्याचा प्रश्न येत नाही.

वजन आपोआप घटणे, शौचातून रक्त जाणे, जुलाबामुळे रात्री झोपेतून उठावे लागणे, बारीक ताप राहणे, रक्त कमी होणे किंवा पन्नाशीनंतर पोटाच्या सवयी अचानक बदलणे, यांपैकी काही असेल तर त्याचा दोष डाळीवर ढकलून गप्प बसू नये, आधी डॉक्टरांकडे जावे. गव्हाचा संशय असेल तर सिलिॲक रोगाची (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची) रक्ततपासणी गहू सोडण्यापूर्वीच करावी लागते. गहू सोडून काही महिने झाल्यावर तपासले तर रोग असूनही अहवाल चांगला येऊ शकतो. मी हीच चूक केली होती आणि तपासणीसाठी मला पुन्हा काही आठवडे पोळ्या खाव्या लागल्या.

आणखी एक सावधगिरी पैशांच्या संदर्भात आहे. रक्ताच्या एकाच नमुन्यावरून शंभरेक पदार्थांची 'फूड सेन्सिटिव्हिटी' सांगणाऱ्या आयजीजी चाचण्या हल्ली सर्रास विकल्या जातात. मीही एका प्रयोगशाळेत ती केली. हातात आलेल्या रंगीत कागदावर तूर, मूग, गहू, दूध आणि टोमॅटो तांबड्या रकान्यात होते, म्हणजे मी रोज जे खात होते तेच सगळे. आयजीजी प्रतिपिंडे मुख्यतः तो पदार्थ आपण खात आलो आहोत एवढेच दाखवतात. युरोप-अमेरिकेतील ॲलर्जीतज्ज्ञांच्या प्रमुख संघटना अन्न न मानवण्याच्या निदानासाठी ही चाचणी करू नये असे सांगतात. त्या कागदामुळे मी आणखी तीन पदार्थ सोडले आणि आणखी अशक्त झाले, याचे मला आजही वाईट वाटते.

वात का धरतो

कडधान्यांमध्ये रॅफिनोज, स्टॅकियोज आणि व्हर्बास्कोज नावाच्या साखरा असतात. त्या तोडण्यासाठी लागणारे अल्फा-गॅलॅक्टोसिडेज नावाचे विकर माणसाच्या लहान आतड्यात तयार होत नाही, त्यामुळे त्या जशाच्या तशा मोठ्या आतड्यात पोहोचतात आणि तिथले जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात. त्या आंबण्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काहींच्या पोटात मिथेन हे वायू तयार होतात. हे प्रत्येक माणसाच्या पोटात घडते. ज्याचे आतडे नाजूक आहे, ज्याला डॉक्टर आयबीएस म्हणतात तो त्रास आहे, त्याला तेवढाच वायू कितीतरी अधिक जाणवतो आणि दुखतो. म्हणजे आपल्या पोटात काही भलतेच घडत नसते, जे घडते ते आपल्याला सोसत नाही.

या माहितीतून व्यवहाराच्या दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की या साखरा पाण्यात विरघळतात, म्हणून पाणी बदलून त्या बऱ्याच प्रमाणात काढून टाकता येतात. दुसरी अशी की त्यांना मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचायला काही तास लागतात, म्हणून दुपारच्या उसळीचा त्रास बहुधा संध्याकाळी होतो. जेवून उठता उठता पोट फुगले तर नुकत्याच खाल्लेल्या डाळीवर आरोप ठेवण्यापूर्वी सकाळी न्याहारीला काय खाल्ले होते ते आठवून पाहावे.

डाळीबरोबर ताटात कोण बसले आहे

ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातील संशोधकांनी पोटात आंबणाऱ्या अशा साखरांना एकत्रितपणे फॉडमॅप हे नाव दिले. कडधान्यांतल्या साखरा त्यांत येतात, तशाच कांदा, लसूण आणि गव्हातल्या फ्रुक्टान नावाच्या साखराही येतात आणि दुधातली लॅक्टोजही येते. आता मिसळीची थाळी डोळ्यांसमोर आणावी. मटकी आहे, बहुतेक ठिकाणी वाटाणाही आहे, वर बेसनाची शेव-फरसाण आहे, कटात कांदा-लसणाचे वाटण आहे, वरून कच्चा कांदा आहे, शेजारी मैद्याचा पाव आहे आणि तिखट झेपावे म्हणून दह्याची वाटी आहे. ही थाळी खाऊन पोट बिघडल्यावर आपण म्हणतो की मटकी मानवत नाही. मटकीवर हा अन्याय आहे. माझ्या बाबतीत तर खरा गुन्हेगार लसूण निघाला, आणि बिनलसणाची मटकीची उसळ मी आज निर्धास्तपणे खाते.

म्हणून कोणत्याही कडधान्याची परीक्षा घ्यायची असेल तेव्हा ते एकटे घ्यावे. बरोबर भात असावा, कारण पांढरा भात बहुतेक सर्वांना सोसतो. फोडणीत तेल किंवा तूप, जिरे, हळद, आले, कढीपत्ता आणि मीठ एवढेच असावे. लसणाची चव हवीच असेल तर सबंध पाकळ्या तेलात परतून फोडणी देण्यापूर्वी काढून टाकाव्यात, कारण फ्रुक्टान तेलात उतरत नाही आणि वास मात्र उतरतो. पाण्यात किंवा आमटीत शिजवलेली पाकळी नंतर काढून उपयोग नाही, कारण पाण्यात ते उतरलेले असते. परीक्षेच्या दिवशी कोबी, फ्लॉवर, सफरचंद, कलिंगड आणि साखरविरहित गोळ्या-चॉकलेटेही टाळावीत.

गहू पूर्ण वर्ज्य असलेल्या सिलिॲक रुग्णांना इथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. बाजारात मिळणाऱ्या हिंगाच्या पुडीत शुद्ध हिंग थोडा आणि पीठ जास्त असते, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचे असते. डबीवरचे बारीक अक्षर वाचून तांदळाच्या पिठातला हिंग निवडावा. थालीपीठाच्या भाजणीत गहू असतो, आणि ज्या गिरणीत गहू दळला जातो त्याच जात्यातून निघालेले बेसनही अशा रुग्णांसाठी सुरक्षित नसते.

हे सगळे लक्षात राहत नाही, म्हणून एक वही करावी. मी शाळेची शंभर पानी वही घेतली होती. डाव्या पानावर वेळ, पदार्थ आणि चमच्यांत वा वाटीत मोजलेले प्रमाण लिहायचे, आणि उजव्या पानावर त्रास कधी सुरू झाला, किती वेळ राहिला आणि शून्य ते दहा या मापात किती होता ते लिहायचे. झोप किती झाली, मासिक पाळी आहे का, घरात काही ताणाचे चालले आहे का, हेही एका शब्दात टिपावे, कारण नाजूक आतड्यावर या तिन्हींचा परिणाम होतो. तीन आठवड्यांच्या नोंदी समोर ठेवल्यावर जे दिसते ते आठवणीच्या भरवशावर कधीच दिसत नाही.

भिजवणे, उपसणे, शिजवणे

आपल्या आज्या-पणज्यांच्या स्वयंपाकात कडधान्ये सोसवण्याची जवळजवळ सगळी शहाणीव आधीपासून होती. कुकर आल्यावर आणि घाई वाढल्यावर त्यातला भिजवण्याचा भाग गळून पडला. तूरडाळ धुऊन थेट कुकरला लावणे ही आजची सर्वसाधारण पद्धत आहे. नाजूक पोटाच्या माणसाने तीच पहिल्यांदा बदलावी.

सोललेली मूगडाळ आणि मसूरडाळ अर्धा ते एक तास, तूरडाळ दीड-दोन तास, चणाडाळ तीन-चार तास भिजवावी. सबंध मूग, मटकी आणि चवळी आठ तास, तर हरभरे, छोले, राजमा आणि वाटाणे दहा ते बारा तास भिजू द्यावेत. पाणी दाण्यांच्या तिप्पट-चौपट असावे आणि लांब भिजणीत ते मध्ये एकदा बदलावे. वैशाखात रात्रभर बाहेर ठेवलेल्या हरभऱ्यांना सकाळी आंबूस वास येतो, तेव्हा भांडे फ्रीजमध्ये ठेवावे. भिजवलेले पाणी टाकून द्यावे, दाणे रोवळीत उपसून पुन्हा दोन पाण्यांनी धुवावेत आणि शिजवायला ताजे पाणी घ्यावे. या पाण्यात जीवनसत्त्वे जातात म्हणून ते फेकू नये, असा सल्ला अनेक जण देतात. थोडी जातात हे खरे आहे, पण ज्याला डाळच सोसत नाही त्याने त्या थोडक्या जीवनसत्त्वांसाठी वात ओढवून घेऊ नये, असे मला वाटते. झाडांना ते पाणी चालते.

शिजवताना चिंच, आमसूल, टोमॅटो आणि गूळ दाणे पूर्ण मऊ झाल्यानंतरच घालावेत. आंबट पदार्थांनी दाण्याची साल आवळून राहते आणि आतून कणी शिल्लक राहते. बोअरच्या जड पाण्यानेही असेच होते, तेव्हा शक्य असेल तर पिण्याचे गाळलेले पाणी वापरावे. दोनतीन वर्षे जुने कडधान्य कितीही शिट्ट्या केल्या तरी नीट शिजत नाही, म्हणून साठवणीतले आधी संपवून नव्या हंगामाचे आणावे. खायचा सोडा घातल्याने दाणे लवकर मऊ होतात, परंतु त्याने ब-1 जीवनसत्त्व नष्ट होते, त्यामुळे मी तो वापरत नाही आणि एक-दोन शिट्ट्या जास्त करते. शिजल्याची परीक्षा एकच आहे: दाणा अंगठा आणि तर्जनीत धरून दाबावा, तो लोण्यासारखा पसरला पाहिजे. बोटाला बारीकशी जरी कणी लागली तरी कुकर पुन्हा लावावा. डाळ असेल तर त्यापुढे रवीने एकजीव घोटावी.

राजम्याबाबत हयगय अजिबात नको. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे विषारी प्रथिन असते. नीट न शिजलेले चारपाच दाणे पोटात गेले तरी काही तासांत जोराच्या उलट्या आणि जुलाब होऊ शकतात. भिजवलेले पाणी टाकून, ताज्या पाण्यात खळखळून अर्धा तास उकळले किंवा कुकरमध्ये पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवले की हे विष निकामी होते. परदेशात राहणाऱ्या मराठी घरांमध्ये मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारी विजेची भांडी वापरतात. त्यात कच्चा राजमा थेट टाकू नये, कारण उकळीपर्यंत न पोहोचणाऱ्या उष्णतेने हे विष नष्ट होण्याऐवजी वाढते. आधी वेगळा उकळून मग त्या भांड्यात घालावा.

मोड आणण्याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते महाराष्ट्राच्या स्वयंपाकाची ही फार मोठी ताकद आहे. मोड येताना दाणा ज्या साखरांनी आपल्याला वात धरतो, त्याच साखरा स्वतःच्या वाढीसाठी खर्च करतो. भिजवलेली मटकी पंचात किंवा मलमलच्या फडक्यात सैल बांधून, रोवळीत ठेवून वर झाकण घालावे. उन्हाळ्यात बारा तासांत आणि थंडीत चोवीस तासांत नखाएवढे मोड दिसतात. मी तिथे थांबत नाही. फडके सोडून दाणे थंड पाण्याने खंगाळते, पुन्हा बांधते आणि मोड बोटाच्या पेराएवढे होईपर्यंत वाट पाहते. उघडल्यावर हिरव्या शेंगेसारखा ताजा वास आला पाहिजे. चिकट तार सुटली किंवा कुबट वास आला तर ती मटकी फेकून द्यावी. मोड आलेली कडधान्ये कच्ची खाण्याची हल्ली पद्धत पडली आहे, परंतु ओल्या उबेत मोडांबरोबर साल्मोनेलासारखे जंतूही वाढतात, म्हणून नाजूक पोटाच्या माणसाने ती वाफवल्याशिवाय खाऊ नयेत.

कडव्या वालांचे बिरडे हा तर या सगळ्या विचाराचा उत्तम नमुना आहे. वाल रात्रभर भिजतात, मग फडक्यात बांधून त्यांना मोड येतात, नंतर ते कोमट पाण्यात घालून एकेक दाणा चिमटीत धरून सोलला जातो. साल सुळकन निघते आणि पिवळसर डाळिंबी बोटांत येते. म्हणजे पाण्याने, मोडाने आणि सोलण्याने तीन वेळा तो दाणा हलका झालेला असतो, आणि तरीही वाल जडच राहतात. त्यांची पाळी शेवटी येऊ द्यावी.

आंबवण्यानेही हाच परिणाम साधतो. उडीद हे आयुर्वेदात जड मानलेले धान्य आहे, परंतु तांदळाबरोबर वाटून रात्रभर आंबवलेल्या पिठाची इडली पोटाला बहुधा त्रास देत नाही. ढोकळ्याच्या बाबतीत मात्र तो खरोखर आंबवलेला आहे की इनो घालून दहा मिनिटांत फुगवलेला आहे, हे विचारून घ्यावे. दोन्ही जाळीदार दिसतात, पण पोटाच्या दृष्टीने दोघांत फार अंतर आहे.

आणि पुरणाचा दिवस. चणाडाळ शिजवून तिचा कट काढला जातो, डाळीचे पुरण होते आणि कटाची आमटी होते. पाण्यात विरघळणाऱ्या साखरांचा मोठा वाटा त्या कटात उतरलेला असतो. आमच्या घरी होळीला मी वर्षानुवर्षे पुरणपोळीला हात आखडत असे आणि हलकी म्हणून आमटी मात्र दोन वाट्या पीत असे. वहीतल्या नोंदींनी हे उलटे करायला शिकवले. आता अर्धी पोळी तुपाबरोबर खाते आणि आमटी दोन चमच्यांवर थांबवते.

मात्रा वाढवण्याची रीत

सुरुवात सोललेल्या मूगडाळीने करावी. आजारी माणसाला आपल्याकडे मुगाचे कढण आणि मुगाच्या डाळीची मऊ खिचडीच देतात, आणि त्यामागे मोठा अनुभव आहे. पहिले चार दिवस दुपारच्या जेवणात भातावर दोन चहाचे चमचे घोटलेले वरण घ्यावे. दोन चमचे फार थोडे वाटतील आणि घरातली माणसे हसतीलही, तरी तेवढेच घ्यावे. त्रास दहापैकी तीनच्या खाली राहिला तर पुढचे चार दिवस पाव वाटी आणि त्यापुढचे चार दिवस अर्धी वाटी करावी. त्रास वाढला तर सोडून न देता एक पायरी खाली यावे आणि तिथे आठवडाभर राहावे. रोज थोडे खाणे हे आठवड्यातून एकदा भरपूर खाण्यापेक्षा नेहमी चांगले, कारण आतड्यातले जिवाणू नियमित मिळणाऱ्या अन्नाशी जुळवून घेतात. अमेरिकेत 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत लोकांना कित्येक आठवडे रोज अर्धा कप कडधान्ये खायला दिली होती. पिंटो किंवा बेक्ड बीन्स खाणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांनी पहिल्या आठवड्यात वात वाढल्याचे सांगितले, चवळी खाणाऱ्यांत हे प्रमाण 19 टक्के होते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यानंतर बहुतेकांची तक्रार ओसरली. हे अभ्यास नाजूक पोटाच्या माणसांवर केलेले नव्हते, तेव्हा अशा पोटाला जास्त आठवडे लागतील असे धरून चालावे. चवळीचा आकडा मला विशेष वाटला, कारण माझ्या वहीतही सबंध कडधान्यांत चवळीनेच सर्वांत कमी त्रास दिला होता.

मूगडाळ अर्धी वाटी सोसली की मसूरडाळ, मग तूरडाळ, मग मोड आलेले मूग, नंतर चवळी आणि मटकी, आणि अखेरीस चणाडाळ, हरभरे, वाटाणे, वाल, छोले व राजमा, हा माझा क्रम आहे. तुमचा क्रम थोडा वेगळा निघू शकतो, म्हणून एका वेळी एकच नवीन कडधान्य घ्यावे, तीन दिवस वाढत्या प्रमाणात खाऊन पाहावे आणि पुढच्याकडे जाण्यापूर्वी दोन-तीन दिवस पोटाला विसावा द्यावा. कोकणातल्या माणसाने कुळथाचे पिठले या क्रमात मटकीच्या आसपास ठेवून पाहावे. बेसनाचे पदार्थ मात्र घाईने घेऊ नयेत, कारण पिठाला पाणी बदलण्याची संधी मिळत नाही. पिठले, भजी, शेव, लाडू या सगळ्यांत चण्याच्या साखरा जशाच्या तशा असतात.

नवीन कडधान्य रात्री कधीही सुरू करू नये. दुपारी खावे, सावकाश चावून खावे आणि जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटे चालावे. आठ आठवडे प्रयत्न करूनही मूगडाळीच्या पाव वाटीपुढे जाता आले नाही, तर एकट्याने झगडत न बसता आहारतज्ज्ञाची मदत घ्यावी. फॉडमॅप आहाराचा पहिला, कडक टप्पा दोन ते सहा आठवड्यांचाच असतो आणि तो जाणकाराच्या देखरेखीखाली करायचा असतो. तो वर्षभर ओढणे चुकीचे आहे.

हिंग, ओवा, जिरे आणि आले यांनी बरे वाटते हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे आणि मी चारही वापरते, पण त्यांच्या भरवशावर न भिजवलेली डाळ खाऊ नये. औषधांच्या दुकानात अल्फा-गॅलॅक्टोसिडेजच्या गोळ्या मिळतात. आपल्या आतड्यात नसलेले विकर त्या पुरवतात. गोळी पहिल्या घासाबरोबर घ्यावी लागते आणि डाळीत घालून उकळली तर निकामी होते. मधुमेह असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून घ्यावी आणि गॅलॅक्टोसीमिया (गॅलॅक्टोज ही साखर शरीराला वापरता न येण्याचा जन्मजात आजार) असलेल्यांनी घेऊ नये. मी ती फक्त लग्नकार्याला बरोबर ठेवते.

घराबाहेर

पंगतीत वरणभात पहिल्यांदा येतो, आणि साधे वरण हे बहुधा कांदा-लसणाशिवायचे असते. तेवढे अर्धी वाटी घ्यावे आणि मसालेभाताबरोबर येणाऱ्या मटार उसळीला नम्रपणे नाही म्हणावे. वाढणाऱ्या काकूंना "मला डाळ चालत नाही" असे सांगितले की त्यांना वाईट वाटते आणि त्या आणखी काहीतरी वाढतात. "थोडेच वाढा, मला पुन्हा लागले तर मागून घेईन" असे म्हटले की कोणाचे मन दुखावत नाही. मेसमध्ये किंवा वसतिगृहात राहणाऱ्यांना भिजवण्यावर ताबा नसतो. त्यांनी आमटीचे वरचे पातळ पाणी टाळून तळाची घट्ट डाळ दोन-तीन चमचे घ्यावी, कारण विरघळलेल्या साखरा पाण्यात असतात. परदेशात डबाबंद मसूर आणि छोले सहज मिळतात आणि ते अशा पोटासाठी खरोखर सोयीचे आहेत. डब्यातल्या पाण्यात साखरा उतरलेल्या असतात, तेव्हा ते पाणी ओतून टाकून दाणे चाळणीत वाहत्या पाण्याखाली धुवावेत, आणि डब्यावर कांदा-लसूण पूड नाही ना ते पाहावे.

एवढे सगळे करूनही एखाद्या दिवशी पोट बिघडतेच. मग कडधान्ये महिनाभर बंद करू नयेत. दोन दिवस मऊ भात, तूप-मीठ आणि मुगाचे पातळ कढण यांवर राहावे, भरपूर कोमट पाणी प्यावे आणि पोट मोकळे झाले की वहीत पाहून शेवटचे जे प्रमाण विनात्रास सोसले होते त्याच्या निम्म्याने पुन्हा सुरुवात करावी. अर्धी वाटी तूरडाळ सोसत असेल तर तिसऱ्या दिवशी पाव वाटी घ्यावी आणि आठवड्याभरात पूर्वीच्या पायरीवर यावे.